उन्हाची सावड

आमच्याकडं एकच बैल होता. लाल कंधारी, कपाळ रुंद, थोडा मारका पण कामाला एकदम चोख. त्याचा जोडीदार मी तिसरीत असताना एका नापिकीच्या वर्षी विकावा लागला आणि त्यानंतरची पाच वर्षं अण्णांनी सावडीवर शेती केली. सावड म्हणजे काय हे आता गावातल्या पोरांनाही सांगावं लागतं, ट्रॅक्टर आल्यापासून. तर एका बैलानं वखर चालत नाही, कुळव चालत नाही, तिफण तर नाहीच नाही, मग ज्यांच्याकडं एकेकच बैल आहे असे दोघं जण ठरवतात की आज तुझा बैल माझ्या रानात आणि उद्या माझा तुझ्या रानात. जू दोघांच्याही मानेवर, घाम दोघांचाही, पण त्या दिवशी पेरणी होते ती एकाच्याच रानात. दुसरा संध्याकाळी बैल सोडून घरी येतो तेव्हा त्याचं रान सकाळी होतं तसंच असतं.

पुढं पंधरा वर्षांनी संभाजीनगरला (तेव्हा औरंगाबाद) विद्यापीठात एमएस्सी करताना फोटोकेमिस्ट्रीच्या तासाला फळ्यावर ट्रिप्लेट-ट्रिप्लेट अ‍ॅनिहिलेशन आलं. नाव ऐकून अर्धा वर्ग दबला. मी मात्र वहीत त्या आकृतीच्या बाजूला "सावड" असं लिहिलं आणि खाली दोन बैल काढले. ती वही अजून आहे माझ्याकडं. मग पीएचडीही त्याच्यातच केली, उजेड धरणारे धातूंचे कॉम्प्लेक्स (मधे धातूचा अणू, भोवती त्याला धरून बसलेले रेणू) बनवायचे आणि त्यांच्याकडून हलका उजेड भारी करून घ्यायचा, याला म्हणतात फोटॉन अपकन्व्हर्जन. गावाकडं गेलं की सगळे विचारतात, तू नेमकं काय करायलीस तिथं, आणि दर वेळी ते दोन वाक्यात सांगायचं राहूनच जातं, म्हणून आज निवांत बसून लिहायले.

आधी अडचण सांगते. आमच्या परभणीकडं ऊन काही कमी नाही, एप्रिल-मेमधे दुपारी एकला पत्र्याला हात लावून बघा. आता बांधाबांधावर सोलर पंपाचे पॅनल दिसतात. पण त्या पॅनलमधल्या सिलिकॉनला सगळं ऊन चालत नाही. ऊन म्हणजे वेगवेगळ्या ताकदीच्या फोटॉनची, म्हणजे उजेडाच्या कणांची गर्दी, निळा फोटॉन ताकदीचा, तांबडा त्याच्यापेक्षा हलका, आणि तांबड्याच्या खालचा डोळ्याला न दिसणारा अजून हलका. सिलिकॉनला एका इलेक्ट्रॉनला उचलायला साधारण १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे एवढ्या बारीक ऊर्जेचं माप) लागतात, त्याच्यापेक्षा हलका फोटॉन आला तर तो त्याच्यातून आरपार निघून जातो. अर्धं काम करून जातो असं पण नाही. एका बैलाला तिफणीला जुंपलं तर अर्धी पेरणी होत नाही ना, तसंच ते. शॉकली आणि क्वाइसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मधे जो हिशोब मांडला त्याच्या आजच्या आकड्यांप्रमाणं असल्या एकाच पदार्थाच्या साध्या सोलर सेलमधून उन्हातली जास्तीत जास्त तेहतीस टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा विजेत येऊ शकते. बाकीच्या नुकसानीची कारणं दोन-तीन आहेत, पण आरपार निघून गेलेला हलका उजेड हे त्यातलं मोठं कारण, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

आता वाटतं की दोन हलके फोटॉन मिळून एक भारी का होत नाही. तर निसर्गाची सवय उलटी आहे. १८५२ मधे स्टोक्सनं दाखवलं की चमकणारे पदार्थ जो उजेड खातात त्याच्यापेक्षा हलका उजेड परत देतात. लग्नात त्या जांभळ्या लाइटखाली पांढरा शर्ट निळसर चमकतो ना, ते हेच, भारी उजेड आत गेला, हलका बाहेर आला, मधला फरक उष्णतेत गेला. उलटं करायचं तर दोघांची ऊर्जा एका ठिकाणी आणायला पाहिजे, आणि सगळा घोळ इथंच आहे, कारण साध्या रंगद्रव्याच्या रेणूनं फोटॉन गिळला की तो काही नॅनोसेकंदात ओकून टाकतो. सेकंदाचे अब्ज भाग केले तर त्यातले चार-पाच भाग. तेवढ्या वेळात शेजारच्या रेणूला दुसरा फोटॉन मिळणं आणि दोघांची गाठ पडणं साध्या उन्हात जवळपास अशक्य.

म्हणजे ऊर्जा कमी आहे ही खरी अडचण नाहीच. थांबायला वेळ कमी आहे ही अडचण आहे. माझं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरलं, उजेडाला थोडं थांबवून कसं धरायचं.

रेणूमधे थांबायची एक जागा असते, तिला ट्रिप्लेट म्हणतात. नेहमी इलेक्ट्रॉन जोडीनं असतात आणि जोडीतल्या दोघांचं फिरणं एकमेकाच्या उलट असतं. फोटॉननं एकाला वर उचललं तरी ते उलटंच राहतं, म्हणून तो पटकन खाली येऊ शकतो. पण वरच्याचं फिरणं कसं तरी पालटलं, दोघंही एकाच दिशेनं फिरायला लागले, तर खाली यायची वाट बंद होते, परत पालटल्याशिवाय खाली येता येत नाही. असा अडकलेला इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंद, कधी कधी मिलिसेकंद वर टिकतो. म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजारपट, लाखपट. आणि एवढ्या वेळात भेटीगाठी होतात.

पण पालटायचं कसं? इथं धातू लागतो. जड अणूच्या गाभ्याजवळ इलेक्ट्रॉनचं फिरणं आणि त्याचं कक्षेतलं धावणं एकमेकात गुंततं आणि मग पालटणं सोपं होतं. रुथेनियमच्या भोवती बायपिरिडिन नावाचे तीन रेणू पंख्याच्या पात्यासारखे बसवले की जो नारिंगी कॉम्प्लेक्स तयार होतो, त्यात हे पालटणं काही फेम्टोसेकंदात होतं (नॅनोसेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद), आत गेलेला जवळपास प्रत्येक फोटॉन ट्रिप्लेटमधे जातो, गळती नाही. पॉर्फिरिनच्या मधोमध प्लॅटिनम किंवा पॅलॅडियम बसवला तरी तेच. पॉर्फिरिन म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधे लोखंडाला धरून ठेवणारं जे कडं असतं, त्याच घरातलं.

हे नवीन नाही हां. पार्कर आणि हॅचर्ड यांनी १९६२ मधेच दोन रेणू एका द्रावणात टाकून दाखवलं होतं की आत गेलेल्या उजेडापेक्षा भारी उजेड बाहेर येतो. मग चाळीसेक वर्षं त्याच्याकडं फारसं कुणी बघितलं नाही. २००४-०५ मधे अमेरिकेत कॅस्टेलानो यांच्या गटानं रुथेनियमचे कॉम्प्लेक्स घेऊन ते परत उभं केलं, आणि २००६ मधे बालुशेव्ह आणि त्यांच्या सोबतच्यांनी लेझर बाजूला ठेवून चक्क सूर्याच्या उजेडावर ते करून दाखवलं. हा सूर्यावरचा पेपर मी पहिल्यांदा वाचला तो होस्टेलच्या गच्चीवर, समोर लेण्यांचा डोंगर, आणि तेव्हाच ठरलं की आपल्याला हेच करायचं.

तर सावड अशी चालते. धातूचा कॉम्प्लेक्स हिरवा फोटॉन धरतो, पालटतो, आणि जवळून जाणाऱ्या डायफेनिल अँथ्रासीन नावाच्या रेणूच्या हातात ती ऊर्जा देऊन स्वतः मोकळा होतो. म्हणजे आडातून पाणी शेंदून घागर दुसऱ्याच्या डोक्यावर देणारा माणूस. असे भरलेले दोन अँथ्रासीन द्रावणात हिंडता हिंडता एकमेकाला धडकले की एक जण आपली सगळी ऊर्जा दुसऱ्याला देतो आणि रिकामा होऊन खाली येतो, आणि ज्याला दोघांची मिळाली तो वर उडी घेतो आणि निळा उजेड सोडतो. फळ्यावरचं ते ट्रिप्लेट-ट्रिप्लेट अ‍ॅनिहिलेशन म्हणजे हीच धडक. आकडे बघा, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा फोटॉन २.३३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, प्लॅटिनमच्या पॉर्फिरिनमधे पालटल्यावर उरतात १.९१, अँथ्रासीनला देताना १.७७, मग दोघांचे मिळून ३.५४, आणि बाहेर येणारा निळा २.८८ च्या आसपास. प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. पण सांडायलाच पाहिजे, उतार नसेल तर पाणी पाटानं पुढं सरकत नाही, फक्त किती उतार द्यायचा ते ठरवणं म्हणजेच डिझाइन.

डिझाइन म्हटलं की लोकांना कॉम्प्युटरवर रंगीत गोळे फिरवायचं काम वाटतं. तेही असतं थोडं, पण खरं डिझाइन म्हणजे तीन-चार मागण्या एकाच रेणूकडं करायच्या आणि त्या मागण्या एकमेकींशी भांडत असतात. रुथेनियमचा साधा कॉम्प्लेक्स घ्या. पालटण्यात पक्का आहे, पण उजेड खायला तेवढा खादाड नाही, आणि ट्रिप्लेट टिकतो जेमतेम एक मायक्रोसेकंद. मग काय करायचं, त्याच्या पात्याला कुमारिनसारखा उजेडाचा भुकेला रंग टाचायचा, तो अँटेनासारखा उजेड गोळा करून मधल्या धातूला देतो, पहिली मागणी पुरी झाली. टिकण्यासाठी त्याच्याहून सुंदर युक्ती आहे. १९९२ मधे फोर्ड आणि रॉजर्स यांनी रुथेनियमला पायरीन नावाचा रेणू जोडून दाखवलं की ट्रिप्लेटचं आयुष्य कितीतरी पटीनं वाढतं. पायरीनच्या ट्रिप्लेटची उंची रुथेनियमच्या ट्रिप्लेटच्या जवळजवळ बरोबर आहे, म्हणून ऊर्जा इकडून तिकडं, तिकडून इकडं हेलकावे खात राहते. विहिरीच्या काठाला लागून त्याच पातळीचा हौद बांधल्यासारखं. पायरीनमधे धातू नाही, त्यामुळं तिथून खाली सांडायची वाट बारीक, आणि बहुतेक वेळ पाणी हौदातच राहतं. एक मायक्रोसेकंदाचं आयुष्य दहा मायक्रोसेकंदांच्याही पुढं जातं. उंची थोडी चुकली, पायरीनऐवजी जास्त खालचा काही लावला, तर सगळी ऊर्जा हौदात उतरून बसते आणि पुढं अँथ्रासीनला द्यायला उतारच उरत नाही. एका बेन्झिनच्या कड्याचा फरक, आणि रेणू कामाचा की बिनकामाचा ते ठरतं.

माझे पहिले आठ महिने असला एकच पायरीनवाला लिगंड, म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू, बनवण्यात गेले. रात्रभर उकळत ठेवायचं (रिफ्लक्स), सकाळी टीएलसीच्या पट्टीवर किती पदार्थ झालेत ते बघायचं, एकाऐवजी तीन ठिपके, की ते वेगळे करायला परत कॉलम, म्हणजे पावडर भरलेली उभी नळी. अ‍ॅल्युमिनाच्या कॉलममधून नारिंगी पट्टा हळूहळू खाली उतरताना बघणं मला अजून आवडतं, उन्हाळ्यात लॅबमधे पंखा बंद ठेवून बसायचं कारण पावडर उडते, आणि डोळे त्या पट्ट्यावर. शेवटी अमोनियम हेक्साफ्लुरोफॉस्फेटचं पाणी टाकलं की क्षणात नारिंगी-लाल गाळ खाली बसतो. पहिल्यांदा असा गाळ बसला तेव्हा मी मायला फोन केला होता. ती म्हणाली, "कुंकवासारखं असंल मग." तसंच होतं.

मग आला ऑक्सिजन.

हवेतला ऑक्सिजन हा स्वतःच ट्रिप्लेट आहे, मुळातूनच, त्यामुळं आपण एवढ्या कष्टानं थांबवून धरलेली ऊर्जा तो भेटताक्षणी हिसकावून घेतो. द्रावणात नेहमीची हवा विरघळलेली असली तरी संपलं सगळं. सावडीला निघालेला बैल वाटेतच तिसऱ्यानं सोडून न्यावा तसं. म्हणून द्रावण लिक्विड नायट्रोजनमधे गोठवायचं, पंपानं वरची हवा ओढायची, वितळवायचं, बुडबुडे निघतात, परत गोठवायचं, असं तीन-चार वेळा. आमच्याकडं लिक्विड नायट्रोजनचा कॅन आला तेव्हा बाकीची पोरं त्या पांढऱ्या धुराकडं बघत राहिली, मला मात्र तो कॅन ओळखीचा निघाला. जनावराच्या दवाखान्यातले डॉक्टर गाय भरवायला यायचे तेव्हा अगदी तसलाच कॅन मोटारसायकलला बांधलेला असायचा, झाकण काढलं की धूर, आणि आत उणे १९६ अंशाला वळूच्या वीर्याच्या कांड्या. आम्ही पोरं चिकटून उभे राहायचो. आपल्या तालुक्या-तालुक्यात ही थंडी पन्नासेक वर्षांपासून फिरतेय आणि कुणाला त्याचं अप्रूप नाही, मला फार वाटतं.

माझ्या रेणूच्या आधी हाताला सवय म्हणून प्लॅटिनम पॉर्फिरिनची नळी बनवायची असं आमच्या गाइडनी सांगितलं होतं. पहिल्या पाच नळ्या गेल्या. कारण शोधता शोधता महिना गेला, रबराच्या बुचाला आधीच्या कुणी तरी सुई टोचून टोचून चाळणी केलेली होती आणि हवा तिथून आत यायची. सहावी नळी रात्री साडेनऊला तयार झाली. दिवे बंद केले. आधी नुसत्या पॉर्फिरिनच्या नळीत बाजूनं हिरवा लेझर सोडला, आत तांबडी रेघ पेटली, म्हणजे हवा निघालीय, ऊर्जा टिकतेय, पण घ्यायला कुणी नाही म्हणून ती तांबड्या रंगात स्वतःच बाहेर पडतेय. मग अँथ्रासीन टाकलेली नळी धरली. हिरवी रेघ आत गेली आणि आतून निळी झाली. स्वच्छ निळी, जवसाच्या फुलासारखी. तांबडं जवळपास गायब, कारण आता ते सगळं दुसऱ्याच्या हातात जात होतं. मी कितीतरी वेळ नुसती लेझर लावत होते, काढत होते, लावत होते.

दुसऱ्या दिवसापासून मोजणं सुरू. याच्यात एक मजा अशी आहे की लेझर दुप्पट केला तर निळा उजेड दुप्पट होत नाही, चौपट होतो. कारण भेटायला दोघं लागतात. आठवडी बाजारात सकाळी सहाला चार माणसं असतात तेव्हा ओळखीचं कुणी भेटत नाही, गर्दी दुप्पट झाली की भेटी चौपट. पण एका मर्यादेनंतर गर्दी एवढी होते की निघालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी भेटतंच, मग दुप्पटला दुप्पट. आलेखात चढ २ चा असतो तो त्या मर्यादेपाशी १ वर येतो. ती मर्यादा साध्या उन्हाच्या ताकदीच्या खाली आणायची, यासाठी जगभर माणसं झटतायत. आणि ती खाली येते कशानं, तर परत तेच, उजेड जास्त खाल्ल्यानं आणि जास्त वेळ थांबल्यानं.

एक नियम असाही आहे की भरलेल्या दोघांच्या नऊ प्रकारच्या भेटीतला एकच प्रकार निळा उजेड देतो. पहिल्यांदा वाचलं की जीव खचतो. पण त्यातले पाच प्रकार भेटून काहीच न घडता सुटे होतात, ऊर्जा न घालवता, आणि परत कुणाला तरी भेटायला मोकळे राहतात, म्हणून प्रत्यक्षात नऊतल्या एकापेक्षा चांगलं जमतं. शंभर फोटॉनचे जास्तीत जास्त पन्नास, त्याच्या वर मात्र कुणालाच जाता येणार नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहते ती धातूंची. रुथेनियम, प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऑस्मियम, सगळे दुर्मिळ. जपानच्या क्युशू विद्यापीठात यानाई आणि किमिझुका यांच्या गटानं ऑस्मियमचा असा कॉम्प्लेक्स वापरला की जो डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड उजेड थेट ट्रिप्लेटमधे घेतो, मधली पायरीच नाही, म्हणजे पालटताना सांडणारी ऊर्जा वाचली. काम अप्रतिम आहे, सोलरच्या दृष्टीनं नेमकं तिथंच जायला पाहिजे, पण ऑस्मियम बांधावरच्या पॅनलपर्यंत पोचेल असं मला वाटत नाही. म्हणून मी आता तांब्याकडं वळलेय. तांब्याचा कॉम्प्लेक्स उजेड खाल्ल्यावर चपटा होतो आणि चपटा झाला की ऊर्जा उष्णतेत सांडते, त्याला उपाय म्हणजे तांब्याला धरणाऱ्या फेनँथ्रोलिन नावाच्या रेणूच्या दोन्ही टोकांना, नेमकं धातूच्या शेजारी, जाडजूड गट बसवायचे, म्हणजे त्याला चपटं व्हायला जागाच मिळत नाही. हे काम माझ्या आधी बऱ्याच जणांनी केलंय, तांब्यावर अपकन्व्हर्जनही २०१३ मधेच झालंय, पण अजून खूप बाकी आहे. आणि तांबं आपल्या घरातलं, देवघरातल्या पळी-पंचपात्राचं. कॉलेजच्या छोट्या लॅबमधे सुद्धा ते परवडतं, हेही आहेच.

मागच्या दिवाळीनंतर अण्णा डोळे दाखवायला आले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठ-दहा दिवस माझ्याकडंच होते. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, तुझं ते एकदा बघू की. कॉलेजात नेलं, प्लॅटिनमची नळी काढली, खिडकीला काळा कागद लावला. थेट लेझरकडं बघू नका, बाजूनं बघा, असं दोनदा बजावलं. हिरवं गेलं, निळं झालं. ते बराच वेळ गप्प.

"दोन हिरवे देऊन एकच निळा?"

"हो."

"मंग तोट्यातच हाय की."

मी म्हटलं, अण्णा, एका बैलानं तिफण चालत होती का? मग सगळं सांगितलं, घागर देणारा, भरलेले दोघं, भेट, एक रिकामा होतो आणि दुसऱ्याला सगळं मिळतं. सावड हा शब्द मी मुद्दाम काढला नव्हता, तो त्यांनीच काढला.

"सावडच की ही. पर ज्याचं रिकामं झालं, त्याचं काय? त्यानं बैल दिला, त्याच्या रानात पेरा कवा?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, व्हायव्हाला पण नाही. मी सांगितलं की तो खाली येतो आणि लगेच परत मोकळा असतो, धातूकडून नवीन घागर घेतो, परत हिंडतो, आणि पुढच्या भेटीत कदाचित त्यालाच दोघांची मिळते. सेकंदात कितीतरी वेळा असं होतं.

"म्हंजी फिटती सावड."

"फिटती."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले हवा आत गेली की बिघडतं म्हणालीस ना. मी म्हटलं हो, पण बूच पक्कं आहे, तारेनं बांधलंय. तरी त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली, बुचावर अंगठा दाबून धरला, आणि म्हणाले, "लाव परत."